गटाराचं पाणी आणि रक्तातली हजेरी

(सटाण्यात युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे.)



कविता नंतर. आधी गुवाबद्दल बोलायचं आहे. गू पाण्यात कसा जातो, पाण्यातून पोटात कसा जातो आणि पोटातून काळजात कसा शिरतो त्याबद्दल. काळीज म्हणजे हृदय, हे आम्ही कवींनी केलेलं आहे. खाटकाच्या दुकानात जाऊन काळीज मागा, तो लिव्हर तोलून देईल. मी बोलतोय ते त्या काळजाबद्दल. कावीळ तिथं होते.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो, दहावी शिकलोय. विषाणूवर बोलायला हा कोण, असं कुणाच्या मनात असेल तर रास्त आहे. पण माझ्या ओळखीचा एक पोरगा डॉक्टरकी शिकतो, त्यानं मला काही इंग्रजी निबंधांच्या झेरॉक्स आणून दिल्या. पाळीवरून आल्यावर डिक्शनरी घेऊन बसायचो. एका पानाला एक रात्र. शब्द अवघड होते, पण त्या निबंधांत माणसं कोण आहेत ते मला लगेच कळलं. ती आपलीच होती.

हे निबंध डॉ. विद्या अरणकल्ले ह्या बाईंचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तुम्हाला कोरोनामुळे ठाऊक झाली. ती आहे जुनी. १९५२ साली आयसीएमआर आणि अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशननं मिळून ती सुरू केली, १९७८ साली तिला आजचं राष्ट्रीय नाव मिळालं. तिथं अरणकल्लेबाईंनी काविळीच्या विषाणूंवर वर्षानुवर्षं काम केलं, तो विभाग सांभाळला. पुढे पुण्यातच भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत त्यांनी काम चालू ठेवलं. त्यांचं नाव मी एका दोस्ताला सांगितलं, तर तो आडनाव ऐकून म्हणाला, ही आपली कोण? मी म्हटलं, आधी काम वाच, मग नातं ठरव. आपण माणसाला आडनावावरून तोलू लागलो तर समोरच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

आता मूळ गोष्ट. ती दिल्लीची आहे, १९५५ सालची. यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं घाण पाणी उलटं फिरून, शहराला पाणी जिथून घेतात तिथं येऊन मिसळलं. अधिकाऱ्यांना ते कळलं. त्यांनी पाण्यात तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं. शहाणपणाचं काम केलं, आणि त्याचा उपयोगही झाला. टायफॉइडची साथ आली नाही. सगळ्यांना वाटलं, सुटलो. आणि डिसेंबरात माणसं पिवळी पडायला लागली. दोन महिन्यांत सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. जिवाणू मेले होते, विषाणू निसटला होता.

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्या वस्तीत दरवेळी घडते. ही कावीळ पोटात गेल्यावर लगेच दिसत नाही. दोन ते आठ आठवडे लागतात, सरासरी चाळीस दिवस. म्हणजे आज नळाला गटार लागलं तर माणूस पिवळा होणार पुढच्या महिन्यात. तोपर्यंत पाइप दुरुस्त झालेला असतो, वर माती टाकलेली असते. साहेब येतो, नळाचं पाणी बाटलीत घेतो, तपासतो, म्हणतो पाणी स्वच्छ आहे, तुम्हीच उघड्यावरचं काहीतरी खाल्लं असणार. साहेब खोटं बोलत नाही. त्या दिवशी पाणी स्वच्छ असतंच. म्हणून तारीख लिहून ठेवायची सवय लावा. नळाला वास आला ती तारीख, गढूळ आलं ती तारीख. चाळीस दिवसांनी ती वही कामाला येते.

दिल्लीच्या साथीला डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हेपॅटायटिस ए मानलं. पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे ए, रक्तातून येणारी म्हणजे बी, असा तेव्हाचा हिशेब. पण त्या वेळच्या रोग्यांचं रक्त कुणीतरी जपून ठेवलं होतं. ए आणि बी ओळखायच्या तपासण्या निघाल्यावर ते रक्त पुन्हा बाहेर काढलं. दिल्लीचं १९५५-५६ चं, अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीचं, पुण्याच्या १९७८-७९ च्या साथीचं. १९८० साली निबंध आला. त्यात पुण्याच्या संस्थेच्या तेव्हाच्या संचालक डॉ. खुर्शीद पावरीही होत्या. निष्कर्ष काय, तर ही साथ ए चीही नाही न् बी चीही नाही. त्याच सुमाराला काश्मीरमध्ये डॉ. खुरू तिथल्या १९७८ च्या साथीवरून हेच सांगत होते. मग हा तिसरा कोण? त्याला नावही नव्हतं. ज्याचं नाव नाही त्याला कागदावर काय लिहितात? 'ए नाही, बी नाही' असंच लिहायचे. आपल्याला ही तऱ्हा नवी नाही. कोण आहे ते न लिहिता कोण नाही ते लिहायचं.

१९८३ साली मॉस्कोच्या बालायान नावाच्या शास्त्रज्ञानं भलतंच केलं. अफगाणिस्तानातल्या रशियन सैनिकांत कावीळ पसरली होती. ह्या बाबानं त्या रोग्यांच्या शौचातला अर्क स्वतः प्याला. त्याला ए पूर्वीच होऊन गेला होता, म्हणजे आता झाला तर नवाच. झाला. मरता मरता वाचला असं नाही, पण चांगलाच पिवळा पडला, आणि स्वतःच्याच शौचात त्याला सूक्ष्मदर्शकाखाली तो कण दिसला. लोक त्याला शूर म्हणतात. म्हणोत. मला वाचताना हसू आलं. आपल्याकडे किती वस्त्या रोज न सांगता हाच प्रयोग करतात, कुणी निबंध लिहीत नाही.

भारतात हे काम पुण्यात चाललं. १९८८ साली अरणकल्लेबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी साप्ताहिकात दाखवलं की साथीतल्या रोग्याच्या शौचात असा कण सापडतो, तो माकडाला दिला तर माकडाला कावीळ होते. पुढे १९९० साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा जीन वेगळा काढला आणि नाव पक्कं झालं, हेपॅटायटिस ई.

विषाणू म्हणजे काय हे मी गोदीच्या भाषेत सांगतो. कंटेनर आणि आत एक कागद. ई च्या कंटेनरचा पत्रा एकाच प्रकारच्या प्रथिनाचे तुकडे जोडून केलेला असतो. आत आरएनएचा एक लांब धागा, सुमारे ७,२०० अक्षरांचा. बस्स. इंजीन नाही, हमाल नाही. तो काळजातल्या पेशीत शिरतो, आपला कागद पेशीच्या हातात देतो, आणि ती बिचारी स्वतःचं काम टाकून त्याचेच कंटेनर बांधत बसते. मालक कोण, माल कुणाचा, तिला पत्ता नसतो. गोदीत उभं राहून हे मला चांगलं कळतं.

आणि अँटिबॉडी म्हणजे हजेरी. विषाणू आला की रक्त त्याची नोंद करतं. एक नोंद ताजी असते, तिला आयजीएम म्हणतात. ती काही महिन्यांत पुसते. दुसरी आयजीजी, ती मागे राहते. ताजी सापडली तर माणूस आत्ता आजारी आहे, जुनी सापडली तर कधीतरी होऊन गेलाय. तुमच्या वस्तीत कुणी कधी फिरकलं नसेल, कुठल्या रजिस्टरात तुमच्या आजाराचा उल्लेख नसेल, पण तुमच्या रक्तात तो उल्लेख आहे. तो कुणाला खोडता येत नाही.

१९९४ साली ह्याच हजेरीवरून पुण्याच्या लोकांनी भारतातल्या १७ साथी तपासल्या. १६ साथींत ई सापडला. उरलेली एक अंदमानची, ती कशाचीच नव्हती, तिथं आणखी कुणीतरी निराळा असावा असं त्यांनी लिहिलं. म्हणजे ज्याला वर्षानुवर्षं नावही नव्हतं, तोच आपल्या देशात पाण्याच्या काविळीचा मुख्य धनी निघाला.

मग त्यांनी पुण्याच्या साध्या, धडधाकट लोकांचं रक्त बघितलं. १९८२ चं, १९९२ चं, नंतर १९९८ चं. ए हा लहानपणीच होऊन जातो, पोरांना तो फारसा कळतही नाही. ई पोरांत क्वचित सापडतो, तो तरुणपणी गाठतो. आणि ए च्या हजेरीत एक गंमत दिसली. सोळा वर्षांत शहरातल्या वरच्या थरातल्या पोरांमध्ये ती घटली. फिल्टर आले, संडास आले, पाणी सुधारलं. खालच्या थरात आणि खेड्यांत ती होती तिथंच. पंचवार्षिक योजनांचे अहवाल जाडजूड असतात, मी एकही वाचलेला नाही. मला हा रक्तातला अहवाल पुरतो.

आता ज्या निबंधासाठी मी इथं उभा आहे तो. २००३ सालचा. वैद्य, टिळेकर, वाळिंबे आणि अरणकल्ले. विषय, मैलापाण्यात काम करणाऱ्या माणसांना ई चा धोका. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावरच्या कामगारांचं रक्त घेतलं आणि दुसरीकडे ह्या कामात नसलेल्या लोकांचं. दुसऱ्या लोकांत पाचातल्या एकालाही ई ची जुनी नोंद नव्हती, त्याहून थोडी कमीच. कामगारांत निम्म्याहून जास्त जणांना होती.

पुन्हा सांगतो. निम्म्याहून जास्त.

हे शुद्धीकरण केंद्रावरचे लोक आहेत. पंप आहे, टाकी आहे, कदाचित बूटही आहेत. गटारात गळ्यापर्यंत उतरणारा, कंत्राटदाराचा, मस्टरवर नाव नसलेला माणूस ह्या निबंधात नाही. त्याचं रक्त घेतलं तर किती भरेल, विचार करा. २०१३ साली कायदा झाला, हातानं मैला उचलायला लावायचं नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरी दहा लाख द्या म्हटलं, २०२३ साली तीस लाख द्या म्हटलं. चांगलं झालं. पण कायदा मोजतो तो गॅसनं गुदमरून एका मिनिटात मेलेला माणूस. काळीज हळूहळू खराब झालेला माणूस घरी मरतो, खाटेवर, आणि शेजारी म्हणतात दारू पीत होता. पीतही असेल. त्या वासात उतरायचं तर शुद्धीत कोण उतरेल? पण दारू आहे म्हणून विषाणूचा गुन्हा माफ होत नाही. दोघांच्या कागदांवर दोघांची नावं पाहिजेत.

हा निबंध एका युनियनच्या माणसाला मी दाखवला. तो म्हणाला, इंग्रजीत आहे. मी म्हटलं, रक्त मराठीत होतं.

आता बायकांचं. पुढं बसलेल्या आयांनी विशेष ऐकावं. ई ची कावीळ बहुतेकांना होते आणि आपोआप बरी होते. शंभरात एखादा दगावतो. पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरात वीस-पंचवीसपर्यंत बाया दगावतात. असं का, ह्याच्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पोटातलं मूल बाहेरचंच असतं, त्याला शरीरानं हाकलू नये म्हणून बाईची प्रतिकारशक्ती त्या दिवसांत आपली चाल बदलते, संप्रेरकं बदलतात, त्यात हा विषाणू घुसतो, असं एक म्हणणं आहे.

माझ्या मावशीची मुलगी आठव्या महिन्यात गेली. डोळे पिवळे दिसले तेव्हा आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेली. त्यानं चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. ह्यात मेख अशी की हातावर आधीच आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, चुना लागला की तो पिवळा होतो. तुमचे-माझे हात धुतले तरी होईल. त्यात चार दिवस गेले. मग दवाखाना, तिथून दुसरा दवाखाना. ती बडबडायला लागली होती, नवऱ्याला ओळखत नव्हती. कागदावर लिहिलं, कावीळ. कुठली कावीळ ते नाही लिहिलं. त्याच महिन्यात त्या आळीत आणखी चौघं पिवळी होती. आणि तेराव्याला बाया कुजबुजत होत्या की तिनंच काहीतरी खाल्लं असणार, तिलाच कुणाची तरी नजर लागली असणार. नजर कसली? नळाचा पाइप गटाराच्या पोटातून गेला होता. तिथली माती उकरा म्हणजे नजर दिसेल.

म्हणून सांगतो, वस्तीत दोन माणसं पिवळी दिसली की गरोदर बाईला लगेच उकळलेलं पाणी, दुसरं कुठलंही नाही. इंधन महाग आहे, मला ठाऊक आहे. घरातल्या सगळ्यांचं होत नसेल तर तिच्या एकटीचं तरी. डोळे पिवळे झाले, झोप जास्त यायला लागली, बोलणं घसरलं, तर चुनेवाल्याचं घर सोडून सरळ मोठ्या दवाखान्याची वाट धरायची.

आणखी एक निबंध सांगतो, तो मला सगळ्यांत आवडला. डुकरांचा. जगात इतरत्र असं आढळलं की ई डुकरांत असतो आणि काही देशांत तो डुकराच्या मांसातून माणसाला लागतो. आपल्याकडे डुकरं कोण पाळतं? साथ आली की बोट कुणाकडे जातं? डुकरं पकडायची गाडी कुठल्या वस्तीत येते? पुण्याच्या लोकांनी पश्चिम भारतातल्या डुकरांतला विषाणू काढला आणि माणसांतल्या विषाणूशी अक्षर-अक्षर जुळवून बघितलं. २००२ साली छापलं. माणसांतला जीनोटाईप १, डुकरांतला जीनोटाईप ४. दोन वेगळी घराणी. इथल्या माणसांच्या साथीचा विषाणू डुकराचा नव्हे, माणसाचाच, माणसाच्या शौचातून माणसाच्या पाण्यात आलेला. डुक्कर ह्या खटल्यात निर्दोष सुटलं. पाइप टाकणारे अजून कठड्यात उभेच राहिलेले नाहीत. रेणूंचं शास्त्र, जीन मोजायचं शास्त्र, हे श्रीमंतांचं खूळ आहे असं मला वाटायचं कारण उरलं नाही ते इथं. अक्षरं जुळवून बघितली नसती तर आळ वस्तीवरच राहिला असता.

ह्याच अक्षरांवरून त्यांनी चिकुनगुन्याचं मूळ शोधलं. सटाण्याला चिकुनगुन्या सांगायला नको. २००६ साली शेजारी मालेगावात तो पेटला तेव्हा मी लहान होतो, पण भिंतीला धरून संडासला जाणारी माणसं आठवतात. आपल्याकडे हा आजार पूर्वीही येऊन गेलेला, १९६३ ला कलकत्त्यात, १९७३ ला बार्शीला. तो आशियाई घराण्याचा होता. २००६ चा आफ्रिकी निघाला. सगळे म्हणाले, बाहेरून नुकता आला. पण पुण्याच्या संस्थेत २००० साली यवतला पकडलेल्या डासांतून मिळालेला विषाणू ठेवलेला होता. यवत म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. त्याची अक्षरं जुळवली तर तोही आफ्रिकीच. म्हणजे पाहुणा निदान पाच वर्षं घरात होता, आणि आपल्याला कळलं घर पेटल्यावर. खेड्यांची नावं अशीच जगात पोचतात. नागपूरजवळचं चांदिपुरा १९६५ साली एका विषाणूला नाव देऊन बसलं. २००३ मध्ये त्याच चांदिपुरा विषाणूनं आंध्रात ३२९ मुलं आजारी पाडली, १८३ गेली. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते. पक्क्या भिंतीत तिला जागा नसते, एवढं सांगितलं की मुलं कुणाची ते कळतं.

लशीचं विचाराल. पुण्यात ई च्या लशीवर काम झालं, डीएनए आणि कंटेनरच्या पत्र्याचं प्रथिन घेऊन माकडांपर्यंत गेलं. नेपाळच्या सैन्यात एका परदेशी लशीची चाचणी झाली, २००७ साली निकाल छापला, उत्तम निकाल. ती लस बाजारात आलीच नाही. का येईल? ज्याला ई होतो त्याच्या खिशात काय असतं? चीननं स्वतःची लस केली, लाखावर माणसांत तपासली, २०११ साली परवाना दिला. २०२२ साली दक्षिण सुदानमधल्या विस्थापितांच्या छावणीत ती साथीत पहिल्यांदा वापरली, गरोदर बायांनाही दिली. माझं मत विचाराल तर लस पाहिजे, आधी गटारात उतरणाऱ्यांना आणि लग्न झालेल्या मुलींना पाहिजे. पण लस दिली म्हणजे पाइप तसाच ठेवायला मोकळे, असं कुणी म्हणायला लागलं तर त्याच्या तोंडावर ही झेरॉक्स मारायची.

१९२७ साली महाडला आपल्या माणसांनी पाण्याला हात लावला. हात लावायचा हक्क मिळाला. आता ते पाणी काय आहे हे तपासायचा हक्क घ्यायचा आहे. तो कोर्टात मागायचा, नगरपालिकेत मागायचा, की आपणच बाटल्या भरून प्रयोगशाळेत द्यायच्या, ते तुम्ही ठरवा. क्लोरीन तपासायच्या गोळ्या स्वस्त असतात. ग्लासभर पाण्यात टाकली की रंग येतो, रंग आला नाही तर क्लोरीन नाही. हे आठवीतलं पोरगंही करू शकतं.

झेरॉक्सच्या पाच प्रती त्या बाकावर ठेवल्या आहेत. मैलापाण्याच्या कामगारांचा निबंध वरती आहे, अवघड शब्दांखाली मी पेन्सिलीनं मराठी लिहिलंय. वाचून परत करा, माझ्याकडे एवढ्याच आहेत. आणि आरमच्या काठच्या वस्तीतलं कुणी इथं असेल तर चहाच्या वेळी मला भेटा, तुमचा नळ कुठून येतो ते मला बघायचं आहे.